बायकोच्या दंडावरचं बटण

...आणि बटण म्हणजे शर्टाचं बटण नव्हे, असं मी मघापासून सांगतोय, तरी हे पहिल्या रांगेतले गृहस्थ आपले माझ्या शर्टाकडेच बघतायत. दंडावरचं बटण. आमच्या हिच्या दंडावरचं. पांढरं, गोल, बाटलीच्या झाकणाएवढं, आणि त्याच्या पोटात केसासारखी तार. ती तार म्हणे कातडीखाली जाऊन बसते आणि दर पाच मिनिटांनी साखर मोजते. डब्यातली नव्हे हो, अंगातली. बरं, मोजते तर मोज बाई गप्प बसून, पण नाही, वर चहाडी करते. आणि कुणाकडे? मी शेजारच्या खुर्चीत बसलेला, हात लांब केला तर त्या बटणाला लागेल, पण मला चकार शब्द नाही. निरोप जातो हिच्या फोनातून थेट मुलीच्या फोनवर, आठ तासांच्या अंतरावर, आणि तिथून मुलगी मला विचारते, "बाबा, आई कशी आहे?" अगं, आई माझ्यासमोर मटार सोलतेय आणि मी सोललेले मटार कसे चुकीच्या भांड्यात टाकले ते मला समजावून सांगतेय. यापेक्षा बरी ती काय असणार? "तसं नाही बाबा, आकडा उतरतोय, बाण खाली आहे." म्हणजे बाण बघायचा, आकडा बघायचा. समोर माणूस बसलाय, पण मला विचारतंय कोण.

तुम्हाला सांगतो, मी चौथीत शाळा सोडली. पण बसच्या वर्कशॉपात पस्तीस वर्षं फिटर होतो. गाडी आत आली की मी डोळे मिटून नुसता उभा राहायचो. म्हणायचो, तिसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह. खोलून बघायचे, तर तोच. माझ्या कानावर गाड्या सुटायच्या. मग शेवटच्या वर्षांत एक पेटी आली, तिची वायर इंजिनात खुपसायची, काचेवर आकडे. आणि कालचा आलेला साहेब मला म्हणतो, "काका, जरा बाजूला व्हा, आधी मशीनला बघू द्या." झालो बाजूला. तेव्हापासून बाजूलाच आहे. तर सांगत काय होतो... हां, साखर.

हिला वीस वर्षांची साखर. सकाळ-संध्याकाळ पोटात सुई. आता सुई घेतली आणि दोन घास कमी गेले की साखर उतरते, आणि फार उतरली की माणूस हातचं जातं. डॉक्टरीणबाईंनी मला तेव्हाच लक्षणांची यादी दिली होती, घाम येतो, हात कापतात, असलं बरंच काही. यादी मी त्याच आठवड्यात हरवली. कारण मला माझं लक्षण सापडलं होतं.

आता आमची ही कशी आहे ते आधी ऐका. मी म्हटलं आज मंगळवार, तर कॅलेंडर बघायच्या आधी म्हणणार, "काहीतरीच काय." मग बघणार. मंगळवारच असणार. मग म्हणणार, "हो, पण तुम्ही अंदाजानं म्हणालात." त्रेचाळीस वर्षं संसार झाला, या बाईनं माझं एक वाक्य धड टिकू दिलं नाही. तर एकदा मी सहज म्हणालो की ही खुर्ची खिडकीखाली ठेवली तर बरी. आणि ही म्हणाली, "तुमचंच खरं."

माझ्या अंगावर काटा आला. बघतो तर कपाळावर घाम, नजर कुठेतरी भलतीकडेच. धावत जाऊन साखरेचं पाणी केलं, घोट-घोट पाजलं. दहा मिनिटं झाली असतील. "ही खुर्ची इथे कुणी आणून टाकली?" आली जागेवर. तुम्हाला सांगतो, बायकोची बोलणी खाताना इतका आनंद झालेला मी एकटाच नवरा असेन.

तेव्हापासून ते माझं मशीन. 'तुमचंच खरं' म्हणाली की घ्यायचा चमचा आणि पळायचं. कधी चुकलं नाही. डॉक्टरीणबाईंना सांगितलं, त्या हसल्या. हसल्या आणि कागदावर काही लिहिलं नाही. फिटरच्या कानाला कागदावर जागा नसते.

आणि या बटणाचं ऐका. परवा दुपारी ही जेवून आडवी झाली, मी बाहेरून भाजी घेऊन येतोय तोच फोन. मुलगी रडवेली. "बाबा, अठ्ठावन्न! लवकर साखर द्या!" मी तसाच आत. हिला हलवलं. ही डोळे उघडून म्हणते, "काय झालं? माणसाचा जरा डोळा लागला की तुमच्या पोटात दुखतं का? आणि पायात काय ते? चपला घेऊन आत आलात? सकाळी फरशी कुणी पुसली?" मी फोनमध्ये म्हणालो, "ऐकलंस ना? साखर उत्तम आहे." मुलगी म्हणते, "बाबा, आकडा अठ्ठावन्न आहे." म्हटलं, आकडा चपलांबद्दल काही बोलला का? पण मला विचारतंय कोण. पाजलं साखरेचं पाणी. ही पीत होती आणि मध्ये श्वास घेऊन मला बोलत होती. नंतर जुन्या पद्धतीनं बोट टोचून बघितलं, तर दोनशे चाळीस. दवाखान्यातल्या सिस्टरांना फोन लावला. त्या शांतपणे म्हणतात, "काका, मावशी त्याच कुशीवर झोपल्या असतील. बटणावर दाब पडला की आकडा खोटाच खाली जातो. शंका आली तर आधी बोट टोचून बघायचं."

म्हणजे बघा, दाबलं की खोटं बोलतं. अहो, मी त्रेचाळीस वर्षं दबलेला आहे, मी कधी खोटा आकडा सांगितला?

हसा, हसा. आता तुमच्यापैकी कुणीतरी म्हणणार, मग काढून टाका ना ते बटण, तुमचं लक्षण आहे की. मीही तेच म्हणालो असतो. पण ते बटण का आलं ते मी अजून सांगितलेलं नाही. सांगायचं टाळतोय, हे तुमच्याही लक्षात आलं असेल...

माझ्या मशीनला बोलणं लागतं. ही बोलली तर मला कळणार. आणि सहा महिन्यांपूर्वी आमचा अबोला होता. कारण काय, तर मागच्या दारचा नळ. ही म्हणाली तुम्ही चालू ठेवलात, मी म्हणालो मी नाही. झालं, दोन दिवस घरात फक्त भांडी बोलत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघरात, मी बाहेरच्या खोलीत रेडिओ लावून. मधलं दार उघडं. सहा पावलांचं अंतर. आणि आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला. पळी पडल्याचा, आणि मागोमाग आणखी एक, जड. मी ऐकला. तिसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह ओळखणारा मी. मला वाटलं, आपटतेय. राग अजून गेलेला नाही. आणि मी रेडिओ मोठा केला.

अर्धा तास. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अर्धा तास तरी गेला असेल. ओट्याखाली पडली होती, मनगट मोडलेलं, कपाळ फुटलेलं, तोंडातून शब्द नाही. पाच दिवस दवाखान्यात. मुलगी आली, मला एका शब्दानं बोलली नाही. जाताना ते बटण आईच्या दंडावर लावून गेली.

नळ मीच चालू ठेवला होता. हे मात्र कुणाला सांगू नका.

तर मागच्या आठवड्यातली गोष्ट. दुपारचं ऊन उतरलं होतं, आम्ही दोघं दारात बसलो होतो. बटण नवीन लावलेलं, चौदा दिवसांनी बदलावं लागतं. माझ्या तोंडून निघून गेलं. म्हणालो, "बटणच बरं गं. त्या दिवशी ते असतं तर तू पडली नसतीस. मी सहा पावलांवर होतो आणि मला कळलं नाही. माझ्यावर आता विसंबून राहण्यात अर्थ नाही."

 ही म्हणाली, "तुमचंच खरं."

मी उठलो. गुडघे दुखतात, तरी पळालो. डब्याचं झाकण खाली पडलं, ते तसंच टाकलं, चार चमचे साखर, पाणी, ढवळत ढवळत बाहेर आलो, पेला तिच्या तोंडाशी नेला. तिनं हातानं बाजूला केला. कपाळ कोरडं. हात स्थिर. नजर माझ्यावरच. दंडाजवळ आपला फोन नेऊन मला आकडा दाखवला. एकशे बारा. बाण सरळ.

फोनही आला नाही मुलीचा. कशाला येईल? सगळं ठीक होतं.

विरघळलेली साखर काही परत डब्यात जात नाही. उभ्या उभ्या मीच प्यालो ती. फार गोड झाली होती. ही म्हणाली, "चार चमचे कुणी टाकायला सांगितले होते?"