पोचल्यावरच ‘झालं’

बालीतल्या गिलिमानुकच्या बोटीच्या धक्क्यावर धुकं होतं. बोटीच्या रांगेत वृद्ध न्योमान गुरुजींना मागच्या दोघींचं बोलणं ऐकू येत होतं.

“ताई, ‘सेव्ह झालं’ असं दिसलं म्हणून मी उठले. तेवढ्यात वीज गेली आणि आजोबांचं रेकॉर्ड केलेलं गाणं पुसलं गेलं.”

“चूक माझी, कोमांग. आपल्या आभासी संगणकाची डिस्क दूर देनपसार शहरात. काम झटपट व्हावं म्हणून मी कॅशला, म्हणजे वाटेतल्या तात्पुरत्या साठ्याला, गाणं डिस्कवर पोचण्याआधीच ‘झालं’ म्हणायची मुभा दिली होती.”

“तुझी घाई! भातही कच्चाच उतरवतेस. ते गाणं दुसऱ्या कुणाला येत नाही गं!”

“आता गाणं डिस्कवर पोचल्यावरच संगणक ‘झालं’ म्हणेल. मात्र हळू चालेल. आजोबा पुन्हा गातील?”

“विचारलं. म्हणाले, हळूच बरं. मलाही धाप लागते. मी नि तुमचा संगणक, दोघं थांबत थांबत जाऊ.”

बोट लागली, रांग सरकली. गुरुजी डोळे मिटून उभेच होते: आजवर शिकवून लगेच ‘झालं’ म्हणत आलो, ते मुलांपर्यंत पोचलं होतं का?