मागून भाऊ, पुढून आत्या

मी वैशाली. गाव आमचं संगमनेरपासून आत, प्रवरेच्या अंगाला. घरी गाया, दूध डेअरीला, आन् माज्या वडलांना एकच वेड, का पोरगी मास्तरीन व्हावी, म्हनून त्यांनी मला चित्रकलेच्या कोर्साला घातलं. कोर्स झाला, पन काय सांगू तुम्हाला, चित्रकलेच्या मास्तरची जागा निघती कुठं, आन् निघालीच तर ती कुनाच्यातरी मेव्हन्यासाठी निघती. मग मी बसले घरी शेन काढत आन् भितीवर मोर काढत, आन् येनारा-जानारा म्हनायचा, काय वैशे, मोर दूध देतो का. लई हसायचे. त्या हसन्याचं मला तवाबी काय वाटलं न्हाई. ज्याला भितीवर मोर बघून दुधाची आठवन येती, त्यानं दुसरं बोलावं तरी काय.

फाट्यावर माझी हौसाआत्या राहायची, वडलांची थोरली बहीन. मूलबाळ न्हाई, मालक जाऊन लई वर्सं झाल्ती. मालक पान्याच्या मोटारी दुरुस्त करायचे, त्यांचा गाळा तसाच बंद पडला हुता रस्त्याच्या तोंडाला. आत्यानं एक दिवस शटर वर केलं आन् म्हनली, वैशे, हितं उंदरं नांदत्यात, त्यापरीस तू नांद. बास, हेवढंच. ना अट, ना उपदेश. बाकी सगळ्या भावकीनं मला सल्ला दिला, आन् सल्ला काय, कुनाच्याबी तोंडातून गळतो.

मला वाटलं हुतं मी हातानं पाट्या रंगवीन, डेअरीच्या, दुकानाच्या, ट्रॉलीवर नावं टाकीन. कुत्रं फिरकलं न्हाई. सगळ्यांना फ्लेक्स पायजे. मग जुना कम्प्युटर आनला, शिकले, हितं डिझाईन करायचं आन् छापून संगमनेरवरून आनायचं. आन् फ्लेक्स तरी कशाचे, वाढदिवसाचे. ज्यांनी जन्माला येऊन काय केलं ते त्यांच्या आईलाबी सांगता यायचं न्हाई, त्यांचे वाढदिवस.

तुमी इचारलं ना, धंदा टाकून काय शिकलीस? मुंडकी शिकले. वर साहेबांचं मुंडकं सगळ्यात मोठं, मग ज्याचा वाढदिवस तो, मग खाली शुभेच्छुक दाटीवाटीनं, एक कानाला मोबाईल लावून, एक काळा चष्मा घालून, एक रस्त्यानं चालतोय आन् मागं कुनी न्हाई. कुनाचं मुंडकं कुनापरीस केवढं, कोन साहेबांच्या उजव्या अंगाला, ह्यात सगळं राजकारन. गावात पानी कधी येतं ते ह्यांना म्हाईत न्हाई, पन आपलं डोकं शेजारच्यापरीस बोटभर बारीक हाय ते चालत्या गाडीवरून दिसतं.

आमच्याकडं एक भाऊ हायत. नाव सांगत न्हाई, तुमी छापलं तर तेवढ्यावरबी खूश हुतील. पंचायत समितीला एकदा पडले, तवापासून भावी. भावी सभापती, भावी हे, भावी ते. पन माजं निम्मं काम त्यांचं आन् त्यांच्या पोरांचं, गाळा चालायचा तो त्यांच्यावर, हे खोटं कशाला बोलू. एका वाढदिवसाला त्यांच्या फ्लेक्सवर माजी सरपंचाचं डोकं जरा मोठं झालं. दुसऱ्या दिवशी चौघं आले शिंप्याकडची टेप घेऊन. खरं सांगते, टेप. गाळ्यात फ्लेक्स पसरला, गुडघ्यावर बसले आन् कानापासून कानापर्यंत मापं घेतली. भाऊंचं डोकं लहान भरलं. फ्लेक्स नापास, नवा करा. नापास झालेला आत्यानं नेला, म्हनली टाकू नको, सरपनावर घालू. वर्सभर भाऊ पसरले हुते आत्याच्या सरपनावर, शेजारनीच्या कोंबड्या बसायच्या त्यांच्यावर.

मागल्या थंडीत आत्या गेली. तिच्या दिराची पोरं, जी तिला एक गोळी आनून द्यायला कधी आली न्हाईत, ती लगी गाळ्यात हजर. म्हनली दहाव्याला भावपूर्ण श्रद्धांजलीचा बोर्ड पायजे, भाऊ येनार हायत दोन शब्द बोलायला, तर भाऊंचा फोटो मोठा घे, खाली शोकाकुल म्हनून आमी सगळे. मी म्हनले, आन् आत्या? तर त्यांनी एका लग्नातला फोटो दिला. आत्या मागच्या रांगेत, निम्मं तोंड कुनाच्यातरी फेट्यामागं. म्हनली हिला काप आन् वर कोपऱ्यात बसव.

मला लई राग आला. रडूबी आलं, पन त्यांच्यापुढं न्हाई. मी व्हय म्हनले. मग सरपनावरचा तो फ्लेक्स वढला, उलटा केला, मागची पांढरी बाजू घासून धुतली आन् पाटीच्या रंगानं आत्या काढली. येकटी. सगळ्या फ्लेक्सभर. तोंडावर हात न ठेवता हसती तशी, मिसरीचे काळे दात दिसत्यात तशी. खाली फक्त हौसाबाई लिव्हलं. पोरं म्हनली, दात कशाला काळे काढले, वंगाळ दिसतं. मी म्हनले काळेच हुते, तुमी कधी बघितले? तर म्हनली, आन् आमी कुठंय? मी म्हनले आता दुसरा छापायला टाईम न्हाई.

दहाव्याला घाटावर दोन बांबूंना बोर्ड बांधला, तोंड मंडपाकडं, पाठ रस्त्याकडं. आता पाठीला काय हाय ते मी इसरले म्हना, न्हाईतर मुद्दाम म्हना, मी सांगनार न्हाई. भाऊंची गाडी आली रस्त्यानं. उतरले, बघत्यात तर समोर स्वताच हसत उभे, वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा, अंगावर कोंबडीची घान. आन् तुमाला खोटं वाटंल, मानूस आधी खूश झाला. कॉलर सारखी केली, फोटोला हात जोडले. मग बोर्डाला वळसा घालून मंडपात आले आन् बघितलं तर आत्या, येकटी. तवर कावळाबी शिवून गेला हुता, भाषनाला थांबला न्हाई. भाऊ माज्याजवळ आले, हळूच म्हनले,

"वैशाली, माझा फोटो मागं का?"

"तुमी जागेवरच हाय भाऊ. आज आत्या पुढं हाय."

काम बंद झालं. भाऊंचं झालं, त्यांच्या पोरांचं झालं, गाळा दोन महिने झोपला, वडील बोलले, भावकी बोलली, तुला धंदा कळत न्हाई म्हनले. मग अंगनवाडीच्या भिती आल्या, ट्रॉल्या आल्या, अकोले तालुक्यातली एक बाई आली, आईचं चित्र काढून दे म्हनली, फोटो न्हाई, मी सांगते तू काढ. चाललंय. लई न्हाई, पन चाललंय. परवा एका कॉलेजनं बोलावलं, तरुन उद्योजिका म्हनून चार शब्द सांगा. गेल्ते. गेटवर माज्या सत्काराचा फ्लेक्स, त्यात अध्यक्ष केवढे, प्राचार्य केवढे, आन् मी खाली कोपऱ्यात. तिथं काय सांगनार, चहा पिऊन आले.

तो बोर्ड दहाव्यानंतर मी परत आनला. हा काय, तुमच्या मागं. भाऊ भितीकडं तोंड करून हायत, ऱ्हाऊ द्या तसेच. शटर वर केलं का पहिली आत्या दिसती. आत्याचा पुतन्या मागं म्हनत हुता, तिच्या शेजारी लई जागा रिकामी हाय, आमचा एक बारीकसा फोटो चिकटव. जागा हाय, खरंय. ती तिचीच हाय.