भिंतीतलं भोक

(निश शहर. घराच्याच तळमजल्यावर सर्किट बोर्ड बनवायचं वर्कशॉप. ल्युबिंका थोरली बहीण, तिहोमिर धाकटा भाऊ. कोपऱ्यात जुनी भट्टी चालू. टेबलावर दोन नव्या भट्ट्यांची माहितीपत्रकं.)

ल्युबिंका: लांब पट्ट्याचीच घे, तिहो. एका तोंडाने बोर्ड आत, दुसऱ्या तोंडाने बाहेर, सोल्डर आपोआप वितळलेलं. मध्ये माणूस नको.

तिहोमिर: आणि तिच्या धुरासाठी भिंतीत भोक पाडू? समोर दार, मागे भोक, मधून सरळ वारा! आपला काका असाच गेला, ताई.

ल्युबिंका: काका सत्त्याऐंशीचा होता. रोज पाव लिटर राकियाची दारू प्यायचा.

तिहोमिर: गेला तेव्हा खिडकी उघडी होती की नाही?

ल्युबिंका: होती. आता ही खिडकी पण उघडते मी. धुराने घसा धरलाय.

तिहोमिर: थांब, आधी दार लावतो! दोन्ही उघडी नकोत... हां. आता ही छोटी बघ. खण ओढायचा, सहा बोर्ड ठेवायचे. धूर आतच गाळते, भोक नको.

ल्युबिंका: दर सहा बोर्डांना खण कोण ओढणार?

तिहोमिर: तू आहेस की.

ल्युबिंका: मार्चमध्ये दुन्याचं बाळंतपण आहे. लुब्लियानाला तिच्या घरी येते म्हणून शब्द दिलाय मी लेकीला. तिला सासूसुद्धा नाही.

तिहोमिर: मग जा ना! पंधरा दिवस जा.

ल्युबिंका: पंधरा दिवसांत पोर मान तरी धरतं का? मागे मी चार दिवस तिकडे गेले, तर लिफ्टचे चाळीस बोर्ड जाळलेस.

तिहोमिर: या जुन्या भट्टीचा डावा कोपरा थंड. ट्रे कधी फिरवायचा ते तुझ्याच नाकाला कळतं, त्याला मी काय करू?

ल्युबिंका: एकोणीस वर्षं हुंगतेय. म्हणूनच सांगते, नाक न लागणारी भट्टी घे. हातोडा दे, भोक मी पाडते.

तिहोमिर: छोटीच सांगितलीय मी. सकाळी फोन केला.

ल्युबिंका: मग तासभर मला हे कागद कशाला वाचायला लावलेस?

तिहोमिर: तू हो म्हणावंस म्हणून.

ल्युबिंका: म्हणजे वाऱ्याचं नुसतं निमित्त.

तिहोमिर: तू गेलीस की सकाळची कॉफी कुणाबरोबर पिऊ? घर खायला उठेल, ताई.

ल्युबिंका: बहिणीला खुंटीला बांधताना लाज नाही वाटत?

तिहोमिर: वाटते. हा बघ, फोन लावतो. अजून बदलून देतील. मोठी सांगू?

ल्युबिंका: थांब, वास बदलला. ट्रे फिरवू दे.

तिहोमिर: फिरवलास. आता बोल. मोठी सांगू ना? भोक पाडू आपण.

ल्युबिंका: दुन्याकडे सगळं बटणावर चालतं रे. वर्षात पोर चालायला लागेल, मग मला कोण विचारणार? भीती वाटते मला. इथे निदान डाव्या कोपऱ्याचं माझ्यावाचून अडतं.

तिहोमिर: तिकडे फोन वाजतोय. काय सांगू?

ल्युबिंका: आधी ती खिडकी लाव. मानेला वारा लागतोय.

तिहोमिर: दार बंद आहे, ताई. वारा येणार कुठून?

ल्युबिंका: लागतोय म्हणते ना. लाव.