ऐन विशीतलं वैधव्य

(शुक्रवार पेठेतलं घर. उद्या चांगुणाबाईंचं दहावं. हणमंत त्यांचा मुलगा, ऋतुजा नात, जेऊरहून आलेल्या बजाबाई धाकटी बहीण.)

हणमंत : परत वाच. फ्लेक्सवाला महेश्वर मजकुरासाठी थांबलाय.

ऋतुजा : ‘ऐन विशीत वैधव्य आले, तरी न डगमगता त्यांनी एकुलत्या एका मुलाला वाढविले. प्रेमळ, मनमिळाऊ...’ अण्णा, एवढंच? आजीनं टेंभुर्णीच्या नाक्यावर खानावळ चालवली, ते नाही. जीप चालवायची, तेही नाही.

हणमंत : फ्लेक्सवर जीप लिहितात का कुणी?

ऋतुजा : मग मनमिळाऊ तरी का लिहायचं? होती का ती?

बजाबाई : आक्का? तिचं कुनाशी मिळालं, सांग की. एक डायवर जेवला आन् पैसं न देता पळाला. हिनं जीप काढली, मोहोळला गाटला. परत आनून खानावळीची समदी भांडी घासून घेतली त्याच्याकडनं. मग वर चा पाजला.

ऋतुजा : पेठेतल्या विणकर बायकांशी तेलुगू बोलायची. अक्कलकोटच्या बाजारात कानडीत घासाघीस करायची. दुष्काळात खडी फोडायला गेली आणि मुकादम होऊन बसली.

हणमंत : आधीच्या मुकादमाला खडीची पाटी फेकून मारली तिनं. बायकांच्या हजेरीचे पैसे खायचा तो. मी तिथंच होतो, खडीच्या ढिगामागं. सगळं खरं आहे, ऋतू. पण ते उभं कशावर आहे? आबा गेले यावर. डोक्यावर कुणी नसताना बाईनं एवढं केलं. म्हणून ती ओळ आधी.

ऋतुजा : आबा कशानं गेले?

हणमंत : पटकीनं. गावात साथ आली होती.

ऋतुजा : मला तिनं साप सांगितला होता. नंतर विचारलं तर विहीर. मी म्हणाले, आजी, एक माणूस इतक्या वेगवेगळ्या प्रकारांनी मरत नाही. हसली, आणि ताटात आणखी भाकरी टाकली.

हणमंत : वय झालं की विसरतं माणूस.

ऋतुजा : जीपचा नंबर शेवटपर्यंत पाठ होता तिला.

बजाबाई : हणमा, ती वैधव्याची वळ नगं छापू.

हणमंत : का?

बजाबाई : उद्या जेऊरची मानसं येनार हायती. बोर्ड वाचतील आन् हसतील.

हणमंत : यात हसण्यासारखं काय आहे?

बजाबाई : तुजा बाप जाऊन अकरा वर्सं झाली.

हणमंत : माझा बाप मी दोन वर्षांचा असताना गेला.

बजाबाई : न्हाय रं. धोंडीराम अकरा वर्सामागं गेला. मी व्हते तितं.

ऋतुजा : अण्णा, बसा आधी.

हणमंत : मावशी, मी दर सर्वपित्रीला त्यांच्या नावानं म्हाळ घालतो. नोकरी लागली तेव्हापासून. गच्चीवर कावळ्याला पान ठेवतो. जिवंत माणसाला पितर म्हणून जेवू घालत होतो मी?

बजाबाई : व्हय.

हणमंत : आणि खीर आई करायची.

बजाबाई : तिच्या हातची खीर चांगली व्हायची.

ऋतुजा : बजाआजी, नीट सांग. पहिल्यापासून.

बजाबाई : काय सांगू, पोरी. धोंडीरामानं दुसरी केली. तिला मूल व्हईना. मग सासू म्हनली, चांगुणा, तू माहेरी जा, हणमाला हितंच ठिव, धाकटी सांबाळंल. आक्का बरं म्हनली. बाजाराच्या दिशी पोराला काखंत मारलं, बाजारात गेलीच न्हाय. जेऊरच्या टेशनात गाडीत बसली. हितं पेठेत खोली मागाय गेली, तर घरवालीनं इचारलं, मालक कुटं हायती? टाकल्याली, पळून आल्याली म्हनली असती तर दारात तरी हुबं केलं असतं का? आक्का म्हनली, वारले. तितंच बांगड्या फोडल्या, कुकू पुसलं. खोली मिळाली.

ऋतुजा : म्हणजे आजीनं स्वतःच स्वतःला विधवा केलं. अण्णा, तिनं केलेल्या सगळ्यात हे सगळ्यात मोठं धाडस आहे.

हणमंत : धाडस तिचं. बाप माझा होता.

ऋतुजा : तिनं नेलं नसतं तर आई दुसरीच मिळाली असती तुम्हाला.

हणमंत : ते कळतं मला. तेव्हाचं कळतं. पण मी मोठा झालो, नोकरीला लागलो, तू झालीस. तेव्हा कोण खोली काढून घेणार होतं तिची?

बजाबाई : एकदा बोलल्यालं मागं घेता आलं न्हाय रं तिला. पेठंत मान व्हता. तुजं लगीन ठरताना समदी म्हनली, काय बाई हाय, नवरा न्हाय तरी पोराला मानसात आनलं. तवा कसं सांगनार?

हणमंत : त्यांना दुसरीपासून मूल झालं?

बजाबाई : न्हाय.

हणमंत : मग अग्नी कुणी दिला?

बजाबाई : पुतन्यानं. रेवणसिद्धानं.

हणमंत : मी इथं होतो. जेऊर किती लांब आहे? शेवटी विचारलं का त्यांनी माझं?

बजाबाई : आता ते कशाला इचारतोस?

हणमंत : मावशी.

बजाबाई : इचारलं. पोराला एकदा दाखवा म्हनला. मी हितं फोन लावला. आक्कानं घेतला. म्हनलं, धाडतीस का हणमाला? दोन दीस बी निगायचा न्हाय त्यो. मग म्हनली, ‘मेलेल्या माणसाला भेटायला पोराला कसं पाठवू?’ आन् ठिवला फोन.

ऋतुजा : आजी असं म्हणाली?

बजाबाई : असंच म्हनली. मी परत लावला. उचलला न्हाय.

हणमंत : त्या वर्षीही म्हाळ घातला मी. ती पंगतीत वाढत होती.

ऋतुजा : अण्णा, महेश्वरचा फोन येतोय. काय सांगू?

हणमंत : ती ओळ काढायला सांग.

ऋतुजा : त्या जागी काय?

हणमंत : जीप लिही. खडी लिही. पाटी फेकलेली लिही. ते तरी मी डोळ्यांनी पाहिलंय.

ऋतुजा : आणि खाली? ‘शोकाकुल’मध्ये पहिलं नाव तुमचंच असतं.

हणमंत : उद्या मी बसेन. मुंडण करेन, पिंड ठेवेन, भटजी सांगतील ते सगळं करेन. शोकाकुलमध्ये तुझं नाव टाक. माझं अजून ठरलेलं नाही.