उतरणीवरची मुळं

कळव्याच्या नाक्यावर सकाळी आठला धारवाल्याचं चाक फिरू लागलं. निशा कात्री घेऊन रांगेत होती. पुढे विळी घेतलेली गोदा आणि तिचा दीर गोपीनाथ बोलत होते.

"भावजी, कोयता कशाला?"

"खाडीच्या उतरणीवर तिवरांची मुळं तासायची राहिलीत. पायाला टोचतात म्हणून गेल्या वर्षी अर्धी तुम्हीच तासायला लावलीत."

"लावली. पण त्या अर्ध्यात नंतर एक तरी चिंबोरी दिसली?"

"पलीकडे गेल्या असतील."

"का पण? पाणी तेच, चिखल तोच."

"पलीकडे मुळं आहेत, वहिनी. पाला त्यांत अडकून कुजतो, चिंबोऱ्या तोच खातात. बारकी मासळीसुद्धा तिथेच लपते."

"आणि तासलं तिथे?"

"पाला ओहोटीबरोबर जातो. मासळी उघड्यावर, बगळे टिपतात."

"यंदा बगळे तरी येतात का तिथे?"

"नाही. टिपायला उरलंय काय?"

"मग उरलेली मुळं तासल्यावर कालवणात काय घालू, तुमचे पाय?"

"पुढे कोण?" धारवाल्याने विचारलं.

गोदाने विळी पुढे केली. गोपीनाथने कोयता पुन्हा गोणपाटात गुंडाळला आणि बाजूला सरून निशाला पुढे जायला जागा दिली.