पेटीची किल्ली माझ्याकडं होती

(आमच्या गावच्या शाळेत सुशीलामावशी पोरांची खिचडी शिजवतात. त्यांनी सांगितलं, तसंच लिहिलं आहे.)

माझं माहेर कळंबकडं. आमी चार बहिणी नि एक भाऊ, भाऊ शेवटचा. तो झाला तवा मी दुसरीत होते. आई भाताच्या लावणीला जायची, पोराला कोण बघणार, मग माझी शाळा सुटली ती सुटलीच. नाव लिहायला येतं, तेपण पगाराच्या कागदावर सही लागते म्हणून पुढं शिकले. लगीन होऊन इकडं खालापुरात आले. नवरा खोपोलीच्या कारखान्यात कंत्राटावर होता, ते काम गेलं नि मला शाळेतलं हे खिचडीचं काम मिळालं. तू बी माझ्याच हातची खाल्लीस की गं, डाळ नको, नुसता भात घाल म्हणून रडायचीस. आता बी.ए. झालीस. बरं वाटतं बघ, काय सांगू तुला.

तर त्या पुस्तकांचं. तू शिकायला बाहेर गेल्यावर एक नवीन बाई आल्या होत्या शाळेवर, तरण्या, लई तळमळीच्या. त्यांनी कुणाकुणाकडं मागून पोरांसाठी गोष्टीची पुस्तकं आणली, पत्र्याच्या पेटीत ठेवली. मे महिन्याची सुट्टी लागली, त्या गावाला निघाल्या, तवा किल्ली माझ्या हातात दिली. म्हणाल्या, मावशी, तुमचं घर शाळेला लागून, रोज चार वाजता व्हरांड्यात पेटी उघडायची, पोरांना पुस्तकं द्यायची, दिवस कलला की परत घ्यायची. मी म्हटलं, बाई, मला कुठं शिकवता येतंय. त्या म्हणाल्या, शिकवायचं नाय, नुसती उघडायची. सुट्टीत वाचणं सुटलं की पोरं विसरतात हो.

नुसती उघडायची. एवढंच काम होतं बघ.

पहिल्या दिवशी दहा-बारा पोरं आली. त्यात वरच्या वाडीची मंजी होती, मंजुळा. तिसरी झालेली. आईबरोबर सकाळपासनं करवंदं काढायची नि चारला खाली पळत यायची. तिला नुकतंच वाचता यायला लागलेलं, अक्षराला अक्षर जोडून, प्रत्येक शब्दाखाली बोट धरून. शब्द जमला की मान वर करून माझ्याकडं बघायची. मी आपली खूश. नि मग माझं लक्ष पानावर गेलं. प्रत्येक शब्दाखाली जांभळा डाग. करवंदाचा. पुऱ्या पानावर डागच डाग. आमच्यात पुस्तकाला पाय लागला तर पाया पडतात गं, नि ही बाईंची नवी कोरी पुस्तकं, त्या येऊन मला काय म्हणतील. मी तिच्या हातनं हिसकावलं. म्हटलं, हात बघ तुझे, भवाने, असल्या हातानं पुस्तक धरतात का? तिनं हात पाठीमागं घेतले. पोरं हसली.

दुसऱ्या दिवशी मी पेटी उघडलीच नाय. पोरं आली, म्हटलं, बाईंचा फोन आला, बंद ठेवायला सांगितलंय. खोटं. बाकीची पोरं तीन-चार दिवसांत यायची थांबली, त्यांना काय, खेळायला मिळालं. मंजी येत राहिली. ओढ्यावर हात घासून यायची, दोन्ही पंजे पुढं करून दाखवायची, मावशी, आज उघडशील? करवंदाचा रंग नखातनं निघतोय होय. मी म्हणायची, उद्या बघू गं. असं किती दिवस म्हटलं ते मला विचारू नको. मग एक दिवस ती आली नाय. खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं.

जूनमध्ये बाई आल्या. पेटी उघडून खूश झाल्या, पुस्तकं तशीच्या तशी, फक्त एक डागाळलेलं. म्हणाल्या, मावशी, रोज उघडलीत ना? मी म्हटलं, हो बाई, रोज. तोंडातनं निघून गेलं. मग वर्गात त्यांनी मंजीला उभं केलं. तिला काय एक शब्द येईना. अक्षर ओळखायची नि पुढचं बघेपर्यंत मागचं विसरायची. बाई हिरमुसल्या. म्हणाल्या, अगं, सुट्टीभर वाचून ही गत? लक्ष कुठं असतं तुझं? मी दारात तांदूळ निवडत होते. मंजीनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता ही सांगणार. नाय सांगितलं. मान खाली घालून बसली.

तवा मी उठून दोन शब्द बोलले असते तर! पण बोलले नाय. माझी नोकरी जाईल असं वाटलं, नि खरं तर लाज वाटली.

पुढं तिचं पोट दुखायला लागलं, रोज शाळेच्या वेळेला. दिवाळीनंतर आलीच नाय. बाई दोनदा वाडीत गेल्या, ही रानात पळाली. मग बाईंची बदली झाली. त्यांना सांगायचं राहूनच गेलं. आज पहिल्यांदा तुला सांगतेय.

आता शाळेवर सर हायत, त्यांच्याकडनं मीच सुट्टीभर किल्ली मागून घेतली. चारला उघडते. पुस्तकं फाटतात, एक तर वासरानं खाल्लं, सरांना सांगितलं, ते हसले. मागच्या आठवड्यात मंजी आली. अकरा वर्षांची झालीय, डोक्यावर रिकामी पाटी, शिळफाट्यावर करवंदं विकून परत चाललेली. धाकटी बहीण इथं वाचत बसते, तिला न्यायला आली. लांबच उभी. मी म्हटलं, ये गं, बस, मला वाचून दाव काहीतरी. ती म्हणाली, मावशी, मला येत नाय. मी म्हटलं, मला तरी कुठं येतंय.

सहज बोलून गेले नि माझंच बोलणं मला लागलं. मी दुसरीत सुटले ते आईच्या नाइलाजानं. हिला मी माझ्यासारखी केली, नि माझा नाइलाज काय होता?

बसली ती. धाकटी मोठ्यानं वाचत होती, आमी दोघी ऐकत होतो. काल पण आली. पुस्तकाला अजून हात लावत नाय, मीपण म्हणत नाय. माफी मागायला तोंड उघडते नि जेवलीस का, असंच काहीतरी विचारते. देवाकडं तिच्यासाठी बुद्धी नाय मागत मी, बुद्धी तिच्याकडं होतीच. तिनं यायचं सोडू नये, एवढंच मागते.