पैलवानाच्या घशातला गळ

मी मूळची माण तालुक्यातली, दुष्काळी भाग तो, तिसरीतनं शाळा सुटली कारण धाकट्या भावंडांना बघायचं कुणी, त्यामुळं अक्षरं ओळखीची आहेत पण सरकारी माणसानं कागद पुढं केला की अजून मी दुसऱ्या कुणाला तरी पुढं करते. लग्न झालं आणि आमचे मालक तारापूरला विजेच्या कारखान्याचं बांधकाम निघालं होतं तिथं सुतारकामाला लागले, म्हणून मी तिथल्या समुद्रकाठच्या घिवली गावात आले. काय सांगू तुम्हाला, आमच्याकडं पाण्यासाठी कोसभर चालायचं आणि हितं दारात एवढा समुद्र, पण घोटभर पिता येईना. माणसं चांगली, पण बोलणं कळायचं नाही, आणि शेजारची जानकीमावशी, मासे विकायची ती, मला घाटीण घाटीण म्हणून चिडवायची. मी आपली दिवसभर दारात बसून गावाकडची आठवण काढायची.

त्यात हे कुत्रं आलं. होड्यांच्या आडोशाला जन्मलेलं, नुसती हाडं, म्हणून मालकांनी गमतीनं नाव ठेवलं पैलवान. माझ्या मागं मागं फिरायचं. माझं माणदेशी बोलणं पहिल्यांदा हितं कुणाला कळलं असेल तर त्याला, बघा.

एक दिवस सकाळी ते खोकत आलं, तोंडातनं दोरी लोंबत होती. कुणाचा तरी आमिष लावलेला गळ गिळला होता त्यानं, बोटाएवढा आकडा. मालक कामावर गेलेले. मी घाबरून आधी दुधाची वाटी पुढं केली आणि दोरी धरून ओढणार, तेवढ्यात जानकीमावशी धावत आली, वाटी पायानं सारली, म्हणाली, काय पाजू नको, ओढू नको गं बाय, घसा फाटंल, कापू पन नको, दोरी हाय म्हनून गळ कुटं हाय ते तरी कळंल. तिनं दोरीचं टोक त्याच्या गळ्यातल्या पट्ट्याला बांधलं, रेतीचा ट्रक पालघरला निघाला होता तो अडवला, आणि मला नि कुत्र्याला वर चढवलं. ड्रायव्हरला म्हणाली, घाटीन हाय, नीट ने.

पालघरचा गुरांचा दवाखाना म्हणजे दोन खोल्या आणि पुढं पडवी. मी आत शिरणार तोच मासवण गावची एक बाई शेळी उचलून आली, शेळीचं पोट ढोलासारखं फुगलेलं. डॉक्टरांनी तिला आधी आत घेतलं. मला रडूच आलं, म्हटलं मी गरीब परमुलखातली म्हणून मागं ठेवतात. डॉक्टर दारातनंच म्हणाले, बाई, तुमचं कुत्रं श्वास घेतंय, तिच्या शेळीला घेता येत नाही, हितं ज्याचा जीव घाईत त्याचा नंबर पहिला.

तोवर कंपाउंडर कागद घेऊन बसला. जनावराचं नाव? पैलवान. मालकाचं नाव? आता आली का पंचाईत, नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं? मी म्हटलं, त्यांचं. त्यांचं म्हणजे कुणाचं? म्हटलं, घरात आहेत त्यांचं. तो म्हणाला, सासऱ्याचं का? पडवीतली सगळी हसायला लागली. एक म्हातारे बैलवाले म्हणाले, अहो, ती नाव घ्यायची नाय, उखाणा घालू दे तिला. मग घातला, काय करता? दवाखान्याच्या दारात गुरं झाली फार, श्रीपतरावांचं नाव घेते, पैलवानाला सांभाळा सरकार. कंपाउंडरनं हसू दाबत लिहून घेतलं. आत डॉक्टरही हसले म्हणे, शेळीवालीनं मला सांगितलं, कारण तेवढ्यात ती शेळी घेऊन बाहेर आली होती, आणि शेळी अशी ढेकरा देत होती की जणू पंगतीतनं उठली असावी.

मग आमची पाळी. डॉक्टरांनी विचारलं, केव्हा गिळला, गळ केवढा, त्यानंतर काही खाल्लं का. गुंगीची सुई देईपर्यंत चावू नये म्हणून पट्टीनं त्याचं तोंड बांधलं. मी त्याला धरायला गेले आणि त्याच्याआधी मीच डोळे मिटून घेतले, तसे म्हणाले, तुम्ही बाहेर थांबा, तुमची भीती त्याला कळते. पण आधी ऐका, गळ घशात असला तर निघेल, खाली उतरला असला तर पोट उघडावं लागेल, त्यात जगेलच असं मी सांगत नाही. काय करू ते तुम्ही सांगा.

मला आयुष्यात असं कुणी विचारलं नव्हतं. मालकांना विचारावं तर ते तिकडं तारापूरला. मी म्हटलं, करा. लागलं तर पोट उघडा, पण करा.

शेळीवाली बाई शेळी माझ्या हातात देऊन आत गेली, म्हणाली, मी धरतंय तुजं कुत्रं. मी तिची शेळी धरून बसले. मग बाई हसत बाहेर आली, मागनं डॉक्टर, हातात गळ, त्याचा काटा पकडीनं कापून मग उलटा काढलेला. घशातच अडकला होता. म्हणाले, सुईच्या अमलानं झिंगेल, घाबरू नका, आणि थोडे दिवस पेजच द्या.

झिंगला म्हणजे केवढा, येताना एस.टी.च्या गाडीत सगळे म्हणत होते, बाई, कुत्र्याला ताडी कुणी पाजली?

पुढं बांधकाम संपलं, आमच्या गावाकडनं मागनं कामाला आलेली माणसं माघारी निघाली, बिऱ्हाडं बांधली. मालक म्हणाले, चल. मी म्हटलं, पैलवान म्हातारा झालाय, त्याला हे सोडून करमायचं नाही, हा आहे तोवर थांबू. थांबलो. तो गेला तोवर पोरं हितल्या शाळेत रमली होती, मग बोईसरला खोली घेतली आणि राहिलोच. आता नातवंडं हितल्यासारखं हाय-नाय बोलतात आणि माझ्या बोलण्याला हसतात. त्या डॉक्टरांनी आणि त्या शेळीवाल्या बाईनं कुत्र्याला वाचवलं आणि मला हितं जन्माची ठेवून घेतलं. असतील तिथं सुखी असोत.